मुलाला मामा किती?

नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीतल्या कोणत्याही शंभर मोठ्या माणसांचं रक्त तपासलं, तर नव्वदहून अधिक जणांत एकाच विषाणूच्या खुणा सापडतील. एपस्टाइन-बार विषाणू हे त्याचं नाव. डॉक्टर मंडळी ईबीव्ही म्हणतात. तो लाळेतून पसरतो. आजीनं चावून मऊ केलेला घास, भावंडांचं एकमेकांचं उष्टं, बाळाचे मुके, एवढं त्याला पुरतं. म्हणून आपल्याकडे बहुतेक मुलांना तो शाळेत जायच्या आधीच गाठतो. दोन-चार दिवस अंग तापतं, घसा धरतो, मानेत अवधाण येतं आणि जातं. आईबापांच्या ते लक्षातही राहत नाही. युरोप-अमेरिकेत पुष्कळांची या विषाणूशी गाठ पडते ती ऐन तारुण्यात, आणि तेव्हा तो आठवडेच्या आठवडे ताप नि थकवा देऊन अंथरुणाला खिळवतो.

पण मोजकी मुलं अशी असतात की त्यांच्या बाबतीत हीच किरकोळ लागण जिवावर बेतते. कधी ताप उतरतच नाही, यकृत-प्लीहा सुजतात आणि महिन्याभरात मूल दगावतं. कधी त्यातून ते वाचतं, पण पुढे काही महिन्यांनी वा वर्षांनी मानेत, पोटात, आतड्यात नाही तर मेंदूत लिम्फोमाची गाठ उभी राहते. लिम्फोमा म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग. या मुलांच्या प्रतिकारशक्तीतच जन्मतः एक उणीव असते, आणि ती पुष्कळदा घराण्यातून आलेली असते. कर्करोगाची गाठ हातात आल्यावर तिच्यामागची ही उणीव शोधली गेली, तर उपचारांची दिशा बदलते आणि घरातली दुसरी मुलं वाचू शकतात. शोधली गेली नाही, तर तोच आजार त्याच घरात पुन्हा येतो. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीपाशी येतं.

आधी विषाणूची रीत समजून घेऊ. बहुतेक विषाणू पेशीत शिरतात, आपल्या प्रती काढतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात. ईबीव्ही शिरतो तो बी पेशीत, म्हणजे रोगजंतूंविरुद्ध प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पांढऱ्या पेशीत. तिथे तो तिला मारत नाही, तिला वाढायला लावतो. एरवी बी पेशीला विभाजन करायचं तर टी पेशींकडून तसा इशारा यावा लागतो. ईबीव्हीचं एलएमपी-१ नावाचं प्रथिन पेशीच्या आवरणात बसून तोच इशारा अखंड देत राहतं. प्रयोगशाळेत निरोगी माणसाच्या बी पेशींवर ईबीव्ही सोडला की एरवी काही दिवसांत मरून जाणाऱ्या त्या पेशी वर्षानुवर्षं वाढत राहतात. एखाद्या रुग्णाच्या पेशी संशोधनासाठी कायमच्या जपून ठेवायच्या असतील तर शास्त्रज्ञ आजही हीच युक्ती वापरतात.

मग खरा प्रश्न उलटा आहे. ज्या विषाणूत पेशीला अमर करण्याची ताकद आहे, तो जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात असताना सगळ्यांना कर्करोग का होत नाही? याचं उत्तर टी पेशी आणि एनके पेशी, म्हणजे बिघडलेल्या पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी. लागण झालेली प्रत्येक बी पेशी आपल्या अंगावर विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे मिरवते. मारक टी पेशी ते ओळखतात आणि तिला संपवतात. तरी काही पेशींत विषाणू आपली सगळी प्रथिनं आवरून निपचित पडून राहतो. निरोगी माणसात दहा लाख बी पेशींमागे अशा एक ते पन्नास पेशी कायम असतात. पऱ्हाटीच्या वावरात पावसाळाभर निंदण आणि डवरणी चालू ठेवावी लागते, तण एकदा उपटून भागत नाही. तसं हे काम जन्मभर चालतं. या एका विषाणूसाठी शरीर आपल्या मारक टी पेशींपैकी एखाद-दोन टक्के राखून ठेवतं. हा काही थोडा खर्च नव्हे. हे काम ज्या मुलांत जन्मापासून बंद पडलेलं आहे, त्यांच्याविषयी हा लेख आहे.

विषाणू आणि कर्करोग यांचं नातं पहिल्यांदा उलगडलं ते पूर्व आफ्रिकेत. डेनिस बर्किट हा आयरिश शल्यचिकित्सक युगांडात कंपालाच्या मुलागो रुग्णालयात काम करत होता. १९५७ मध्ये त्याच्यासमोर जबडे विचित्र सुजलेलं एक मूल आलं, आणि मग तशीच आणखी मुलं दिसू लागली. १९५८ मध्ये त्यानं त्यावर लेख लिहिला. पुढे हा आजार उष्ण, दमट, मलेरियाच्या पट्ट्यातच आढळतो असा नकाशा त्यानं तयार केला. २२ मार्च १९६१ रोजी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात त्याचं व्याख्यान झालं. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन हा विकृतिशास्त्रज्ञ बसला होता. हवामानाशी बांधलेला कर्करोग म्हणजे यामागे काहीतरी संसर्ग असणार, असं त्याच्या मनानं तिथेच घेतलं.

त्यानंतर दोनेक वर्षं कंपालाहून विमानानं गाठींचे तुकडे लंडनला येत राहिले आणि एपस्टाइनला त्यांत काहीही सापडत नव्हतं. ५ डिसेंबर १९६३ रोजी आलेलं विमान धुक्यामुळे मँचेस्टरला वळवावं लागलं. नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बराच उशीर झाला आणि बाटलीतला द्रव गढूळ दिसत होता. गढूळ म्हणजे जिवाणू पडले, नमुना वाया गेला, असं समजून कोणीही तो टाकून दिला असता. एपस्टाइननं त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जिवाणू नव्हतेच. तुकड्यापासून सुट्या झालेल्या, जिवंत लिम्फोमाच्या पेशी द्रवात तरंगत होत्या. तोपर्यंत या गाठीच्या पेशी काचेत वाढवणं जमलं नव्हतं, कारण सगळे जण तुकडा तळाला चिकटवून वाढवायला बघत होते. या पेशींना तरंगत वाढायचं होतं. तशा त्या वाढवल्या, आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात नागिणीच्या विषाणूच्या कुळातला एक नवा विषाणू दिसला. एपस्टाइन, त्याची सहायक इव्हॉन बार आणि त्रिनिदादहून आलेला बर्ट अचोंग यांचा लेख २८ मार्च १९६४ च्या 'लॅन्सेट'मध्ये आला. माणसाला कर्करोग करणारा हा पहिला ज्ञात विषाणू.

पण तो सगळीकडे असतो हे कळायला आणखी तीन-चार वर्षं गेली. फिलाडेल्फियात वर्नर आणि गर्ट्रूड हेनले या दांपत्याच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ मुलीच्या रक्तात या विषाणूची प्रतिपिंडं नव्हती. १९६७ मध्ये ती आजारी पडली, ताप आणि घशानं पार थकून गेली, आणि त्यानंतर तिच्या रक्तात प्रतिपिंडं आली. आफ्रिकेतल्या मुलांचा जबडा सुजवणारा विषाणू आणि अमेरिकी तरुणांना ताप आणणारा विषाणू एकच निघाला.

तिसरा दुवा घराण्यातून मिळाला. १९७५ मध्ये डेव्हिड पर्टिलो या डॉक्टरनं 'लॅन्सेट'मध्ये अमेरिकेतल्या डंकन नावाच्या कुटुंबाची हकीकत मांडली. या कुळातल्या अठरा मुलग्यांपैकी सहा जण लसिका पेशींच्या अनावर वाढीनं दगावले होते. मुली मात्र ठणठणीत. दोष आईकडून मुलाकडे चालत होता, म्हणजे तो एक्स गुणसूत्रावर होता. मुलग्याला एक्स गुणसूत्र एकच असतं, आणि ते आईकडून येतं. आईकडे दोन असतात. एक सदोष असलं तरी दुसरं सांभाळून घेतं, म्हणून ती स्वतः निरोगी राहते. तिच्या प्रत्येक मुलग्याला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी. हा आजार पुढे एक्सएलपी या नावानं ओळखला जाऊ लागला. पर्टिलोनं अशा मुलांची जगभरची नोंदवही सुरू केली. १९९५ पर्यंत त्यात २७२ मुलांची नोंद झाली होती, आणि त्यांतली बहुसंख्य दहा वर्षांची होण्याआधीच गेली होती.

डेव्हिड व्हेटर या मुलाची गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते, पण तिचा शेवट फार थोड्यांना ठाऊक असतो. २१ सप्टेंबर १९७१ रोजी टेक्सासमध्ये जन्मलेल्या या मुलाला टी पेशी जवळजवळ नव्हत्याच. त्याच्या आधीचा भाऊ याच आजारानं सात महिन्यांचा असताना गेला होता, म्हणून डेव्हिडला जन्मल्याबरोबर निर्जंतुक प्लास्टिकच्या तंबूत ठेवलं. बारा वर्षं तो त्यातच वाढला. ऑक्टोबर १९८३ मध्ये त्याला मोठ्या बहिणीच्या अस्थिमज्जेतल्या पेशी दिल्या गेल्या. बहीण निरोगी होती. तिच्या अंगात ईबीव्ही होता, जसा तुमच्या-माझ्या अंगात असतो. त्या काळच्या चाचण्यांना तो दिसला नाही. काही आठवड्यांनी डेव्हिडला ताप आला, उलट्या सुरू झाल्या, आतड्यातून रक्त जाऊ लागलं. फेब्रुवारी १९८४ मध्ये त्याला तंबूतून बाहेर काढलं आणि २२ तारखेला तो गेला. शवविच्छेदनात त्याच्या शरीरभर लिम्फोमाच्या असंख्य गाठी सापडल्या, आणि त्यांत ईबीव्ही होता. बारा वर्षं जंतूंपासून जपलेल्या मुलात, टी पेशी नसतील तर हा विषाणू चार महिन्यांत काय करतो, हे जगानं पाहिलं. या विषयावरच्या पुढच्या संशोधनाला डेव्हिडच्या मृत्यूनं जेवढी गती दिली तेवढी दुसऱ्या कोणत्याही रुग्णानं दिली नसेल, असं मला वाटतं.

एक्सएलपीचं जनुक १९९८ मध्ये सापडलं. ते 'सॅप' नावाचं एक चिमुकलं प्रथिन बनवतं. टी आणि एनके पेशी लागण झालेल्या बी पेशीला भिडतात तेव्हा त्यांच्या आवरणावरचे काही ग्राहक 'मार' असा निरोप आत पोचवतात, आणि तो पोचवायला सॅप लागतं. सॅप नसेल तर तेच ग्राहक 'थांब' असा उलटा निरोप देतात. पेशी शत्रूला ओळखते, त्याला चिकटते आणि काहीच करत नाही. चमत्कारिक बाब अशी की ही अडचण जवळजवळ फक्त बी पेशींपुरतीच आहे. इतर बहुतेक विषाणूंना ही मुलं व्यवस्थित तोंड देतात, म्हणून ईबीव्ही येईपर्यंत ती वरकरणी धडधाकट दिसतात. शिवाय वैरी मरत नाही म्हणून टी पेशी वाढतच जातात, आणि त्यांनी सोडलेल्या रसायनांनी सगळं शरीर पेटतं. याला एचएलएच म्हणतात: न उतरणारा ताप, वाढलेली प्लीहा, घसरलेल्या रक्तपेशी आणि रक्तात हजारोंत गेलेलं फेरिटिन नावाचं प्रथिन.

सॅपनंतर अशी आणखी जनुकं सापडत गेली. सीडी-२७ आणि सीडी-७० ही जोडी त्यांत सर्वांत बोलकी. ईबीव्हीनं पछाडलेली बी पेशी आपल्या अंगावर सीडी-७० आणते आणि टी पेशीवरचं सीडी-२७ त्याला जुळतं. त्या भेटीतून मारक टी पेशींची फौज वाढते. दोघांपैकी एकही नसेल तर फौज उभीच राहत नाही. हे दोष एक्स गुणसूत्रावर नाहीत. आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष प्रत मिळाली तरच आजार होतो, मुलगा असो वा मुलगी. जिथे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे, तिथे असे दोष जुळून येण्याची शक्यता वाढते, आणि महाराष्ट्राच्या अनेक भागांत ती चाल अजून आहे. विस्कॉट-ऑल्ड्रिच, अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया, डॉक-८ अशा इतर जन्मजात विकारांतही लिम्फोमाचा धोका मोठा असतो. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात विकारांची आजची यादी साडेचारशेच्या पुढे गेली आहे. त्या प्रत्येकात लिम्फोमा होत नाही, आणि होतो तिथे प्रत्येक वेळी ईबीव्हीच असतो असंही नाही.

आता नागपूरकडे येऊ. छिंदवाडा, बालाघाट, बैतुल, गोंदिया, गडचिरोली, आदिलाबाद, सगळीकडची आजारी मुलं इथे येतात. मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स, तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, अशी ही वाट. गावात मात्र मानेत गाठ आली की पहिला संशय क्षयाचा. जुनी माणसं गंडमाळ म्हणतात. संशय चुकीचा नाही. आपल्याकडे मुलांच्या मानेतल्या टिकून राहणाऱ्या गाठींमागे पुष्कळदा क्षयच निघतो. चूक होते ती तपासाशिवाय औषध सुरू करण्यात. सुईनं चार पेशी काढल्या आणि त्यांत क्षय दिसला नाही, तरी सहा महिन्यांचा कोर्स सुरू होतो. गाठ वाढत राहते आणि वेळ जातो. लिम्फोमाचं निदान सुईवर भागत नाही, आख्खी गाठ काढून तपासावी लागते, कारण पेशींची मांडणी पाहावी लागते. आणि गाठ बसावी म्हणून कोणी आधीच स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर तीच गाठ काही दिवस विरघळते आणि तपासणीत काहीच नीट दिसेनासं होतं. गाठीचं निदान होईपर्यंत स्टेरॉइड नको, हे प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात लिहून लावावं असं मला मनापासून वाटतं.

लिम्फोमा ठरल्यावर त्याच तुकड्यावर ईबर नावाची रंगतपासणी होते. पेशींत ईबीव्ही असेल तर केंद्रकं गडद रंगतात. इथे भारतातली एक अडचण लक्षात घ्यायला हवी. आपल्याकडच्या मुलांच्या हॉजकिन लिम्फोमात ईबीव्ही पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी अधिक वेळा सापडतो, आणि त्यांतल्या बहुतेक मुलांची प्रतिकारशक्ती चांगलीच असते. म्हणून नुसतं 'ईबर पॉझिटिव्ह' वाचून पालकांनी घाबरू नये, आणि डॉक्टरांनी तेवढ्यावर थांबू नये. संशय बळावतो तो इतर खुणांनी. मूल फार लहान आहे. गाठ मेंदूत किंवा आतड्यात आहे. आधी वर्षात दोन-दोनदा न्यूमोनिया झाला आहे. सतत कान फुटतो. बीसीजीच्या जागी जखम चिघळत राहिली. केमोथेरपीनं गाठ गेली आणि काही महिन्यांनी दुसऱ्याच जातीची गाठ आली. यांतली एखादी खूण असली तरी मागे वळून बघायला हवं.

बघण्याची सुरुवात स्वस्त आहे. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, तर प्रत्येक मुलाची होतेच. त्या कागदावर पांढऱ्या पेशींची एकूण संख्या सगळे वाचतात. त्यांतले लिम्फोसाइट टक्क्यांत लिहिलेले असतात आणि त्यांचा गुणाकार कोणी करत नाही. एकूण ६,००० पेशींत २० टक्के लिम्फोसाइट म्हणजे १,२००. मोठ्या माणसाला हे चालतं. सहा महिन्यांच्या बाळात तीन हजारांच्या खाली आकडा दिसला तर तो धोक्याचा इशारा आहे, कारण बाळांचे लिम्फोसाइट मुळात मोठ्यांपेक्षा खूप जास्त असतात. त्याच कागदावर खाली एमपीव्ही लिहिलेला असतो, म्हणजे प्लेटलेटचं सरासरी आकारमान. इसब असलेल्या, सहज रक्तस्राव होणाऱ्या मुलग्याच्या प्लेटलेट संख्येनं कमी आणि आकारानंही बारीक असतील, तर विस्कॉट-ऑल्ड्रिचचा विचार तिथल्या तिथे करता येतो. काही शे रुपयांच्या या तपासणीत एवढं दडलेलं असतं.

त्याहून स्वस्त तपासणी म्हणजे विचारपूस. "ताई, तुम्हाला भाऊ किती? लहानपणी कोणी गेलं का?" एक्स गुणसूत्रावरचा दोष आजोळाकडून येतो, त्यामुळे मुलाचे मामा आणि मावशीचे मुलगे यांची चौकशी व्हायला हवी. आपल्याकडच्या केसपेपरवर वडिलांचं नाव, वडिलांचा व्यवसाय, वडिलांकडच्या आजारांची नोंद असते. आईच्या माहेरचं कोणी विचारत नाही. विचारलं तर उत्तरं मिळतात, पण ती नीट ऐकावी लागतात. "एक भाऊ होता, कावीळ होऊन गेला." "मोठ्या बहिणीचा पोरगा तापानं गेला, पंधरा दिवसांत." ईबीव्हीनं पेटलेल्या एक्सएलपीत यकृत निकामी होतं आणि डोळे पिवळे होतात, खेड्यात ती कावीळच ठरते, झाडपाल्याचं औषध होतं आणि मूल जातं. दोन पिढ्यांतल्या अशा दोन काविळी एका कागदावर आल्या की चित्र स्पष्ट होतं. मात्र हे विचारताना सासरच्यांसमोर विचारू नये. दोष आईकडून आला एवढंच कानावर पडलं की सगळं खापर तिच्यावर फुटतं, आणि पुढच्या वेळी ती खरं सांगत नाही.

आनुवंशिक आजाराची विचारपूस विदर्भाला नवी नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोलंकी यांचा लेख १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. तेव्हापासून नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीत पिढ्यान्‌पिढ्या 'एएस' आणि 'एसएस' ही अक्षरं लोकांच्या तोंडी रुळली. लग्न जमवताना रिपोर्ट विचारणारे आईबाप इथे भेटतात. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेलच्या रुग्णांसाठी जे काम उभं केलं, त्याची दखल २०१८ च्या पद्मश्रीनं घेतली. ११ डिसेंबर २०२२ रोजी चंद्रपूरचं रक्तविकार संशोधन केंद्र राष्ट्राला अर्पण झालं. दोन प्रती सदोष असल्या तर आजार, एक असली तर वाहक, ही गोष्ट इथल्या आशाताईला पाठ आहे. ईबीव्हीशी जोडलेल्या या विकारांसाठी तिला फक्त एक नवी पायरी शिकायची आहे: काही वेळा मुलग्याला एकच सदोष प्रत पुरते, आणि ती आईकडून येते.

पुढची तपासणी मुंबईला होते. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात, तेराव्या मजल्यावर, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. एनआयआयएच या नावानं डॉक्टर तिला ओळखतात. डॉ. मनीषा मडकईकर यांच्या गटानं तिथे या विकारांच्या निदानाची घडी बसवली. जवळच वाडिया रुग्णालयात डॉ. मुकेश देसाई यांनी अशा मुलांचा दवाखाना उभा केला. उत्तरेत चंडीगडच्या पीजीआयचं काम मोठं आहे.

बाळाच्या हातातून दोन-तीन मिली रक्त काढून ते जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए बल्बमध्ये घेतात. पेशींचं काम तपासायचं असेल तर हिरव्या झाकणाचा हेपॅरिन बल्बही लागतो. बल्ब बर्फात ठेवायचे नाहीत, खोलीच्या तापमानाला ठेवायचे आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी पोचवायचे, कारण या तपासणीला पेशी जिवंत लागतात. तिथे फ्लो सायटोमीटर या यंत्रात पेशी एकामागून एक लेसरच्या किरणासमोरून जातात. प्रत्येक पेशीला आधी चकाकणारी प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. सीडी-३ ची चकाकी म्हणजे टी पेशी, सीडी-१९ ची म्हणजे बी, सीडी-५६ ची म्हणजे एनके. पेशीच्या आवरणाला बारीक छिद्रं पाडून आतलं सॅपही असंच चकाकवता येतं. निरोगी मुलाच्या टी आणि एनके पेशींचा सॅपचा उंचवटा पडद्यावर उजवीकडे सरकलेला दिसतो. एक्सएलपीच्या बहुतेक मुलांत तो डावीकडे, कोऱ्या नमुन्याच्या जागीच बसून राहतो. काही तासांत उत्तर मिळतं. पक्कं शिक्कामोर्तब जनुकाच्या तपासणीनं होतं, पण तोवर उपचार अडत नाहीत.

ईबीव्हीचं रक्तातलं प्रमाण मात्र पीसीआरनंच मोजावं. प्रतिपिंडांची तपासणी या मुलांत दगा देते. ज्याला प्रतिपिंडं बनवताच येत नाहीत त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि विषाणू रक्तात लाखोंनी असतो. मुलाला इम्युनोग्लोब्युलिनची सलाइन लागली असेल तर दात्यांची प्रतिपिंडं सापडतात आणि रिपोर्ट खोटाच पॉझिटिव्ह येतो.

हे सगळं केमोथेरपीच्या आधी कळायला का हवं, याची कारणं रोकडी आहेत. अटॅक्सिया टेलँजिएक्टेशियात डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेतलं एक मुख्य प्रथिन नसतं. चालताना तोल जाणारं, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल शिरा दिसणारं असं मूल लिम्फोमा घेऊन आलं आणि त्याला नेहमीच्या मात्रेत किरणोपचार दिला, तर रोगापेक्षा उपचारच त्याला संपवतो. टी पेशी नसलेल्या मुलाला रक्त चढवायचं तर ते आधी किरणोत्सर्जित करून घ्यावं लागतं, नाही तर दात्याच्या लसिका पेशी मुलाच्या शरीरावर उलटतात. अशा मुलाला तोंडाचा पोलिओ डोस किंवा बीसीजी देऊ नये. केमोथेरपीच्या मात्रा जपून ठरवाव्या लागतात, कारण संसर्ग इतर मुलांपेक्षा लवकर आणि जोरात येतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, नुसत्या केमोथेरपीनं गाठ जाते पण उणीव जात नाही.

रिटक्सिमॅब या औषधानं मोठा फरक पडला. ते बी पेशींवरच्या सीडी-२० ला चिकटून त्या पेशी नष्ट करतं, म्हणजे विषाणूचं घरच पाडतं. अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीनं त्याची भारतीय आवृत्ती आणली आणि किंमत आवाक्यात येऊ लागली. निरोगी दात्याच्या ईबीव्ही ओळखणाऱ्या टी पेशी प्रयोगशाळेत वाढवून रुग्णाला देण्याचा उपचारही आता आहे. प्रत्यारोपणानंतरच्या ईबीव्ही लिम्फोमासाठी युरोपनं डिसेंबर २०२२ मध्ये त्याला परवानगी दिली.

कायमचा उपाय म्हणजे मूळ पेशींचं प्रत्यारोपण. एक्सएलपीच्या ९१ मुलांचा आंतरराष्ट्रीय आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यारोपण झालेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के मुलं जगली. ज्यांना आधी एचएलएच होऊन गेला होता त्यांच्यात हे प्रमाण पन्नास टक्क्यांवर आलं. विषाणूनं एकदा आग लावल्यानंतर शस्त्र उचलणं आणि त्याआधी उचलणं, यांतला फरक इतका आहे. खर्चाचा प्रश्न मोठा आहे. कर्करोगाच्या उपचाराला महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळतो. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात प्रतिकारशक्तीचे काही जन्मजात विकार आहेत, आणि निवडक केंद्रांत, ज्यांत मुंबईचं केईएम आहे, पन्नास लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. या यादीत कोणता विकार बसतो आणि कोणता नाही, हे निदान कागदावर आल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. म्हणून निदानाचा कागद हीच पहिली गरज.

प्रत्यारोपणाला दाता शोधताना घरचे लोक पहिल्यांदा भावाकडे बघतात. एक्सएलपीत तिथे थांबून आधी भावाची तपासणी करायची असते. तो ठणठणीत दिसत असला तरी त्यालाही हा दोष असण्याची शक्यता निम्मी आहे. ईबीव्हीशी अजून त्याची गाठ पडली नसेल एवढंच. त्याचं सॅप तपासलं आणि तो निर्दोष निघाला तर तो उत्तम दाता. सदोष निघाला तर त्याच्यासाठीही दाता शोधायला लागायचं, आणि त्याच्याकडे वेळ आहे, जो थोरल्याकडे नव्हता. आई पुन्हा गरोदर असेल तर अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते. आणि आईच्या बहिणींना, म्हणजे मुलाच्या मावश्यांना, लग्न झालेलं असो वा नसो, बोलावून त्यांचं रक्त तपासायचं. आजी वाहक असेल तर त्यांच्यापैकी प्रत्येकीला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. त्यांतल्या कोणाच्या घरी पाळण्यात मुलगा असेल तर त्याचा बल्ब सगळ्यांत आधी परळला जायला हवा.